अर्धं लिंबू

जाळ्या राखेनं घासायच्या, पाण्यानं नाही, हे आबांनी तिला या घरात आल्या आल्या शिकवलं होतं. तेव्हा विहिरीत पाणी होतं आणि तिला ते म्हाताऱ्याचं खूळ वाटलं होतं. आता दोन वर्षं पावसानं तोंड दाखवलं नव्हतं. विहिरीत डोकावलं तर तळाचे दगड दिसत, आणि राख सोडली तर घासायला घरात दुसरं होतंच काय.

शुक्रवारी सकाळपासून ती मागच्या अंगणात उकिडवी बसून जाळ्या घासत होती. चार लोखंडी जाळ्या, दोन हात लांब. गेल्या हंगामाची चरबी तारांच्या सांध्यात काळी होऊन बसली होती. शेजारी चिमी, तिची तीन वर्षांची पोर, आपल्या खेळण्यातल्या ताटलीला राख फासत होती.

"तोंडात नाही घालायचं," ती वर न बघता म्हणाली.

"नाही घातलं."

"बोट दाखव."

चिमीनं बोट पाठीमागे नेलं.

भिंतीच्या सावलीला आबा कोळसा निवडत होते. दोन तुकडे एकमेकांवर आपटायचे, कानाशी न्यायचे. खणकन वाजला की टोपलीत, ठप्प बोलला की बाजूला. "ओला कोळसा धूर करतो आणि धूर चुगली करतो," ते म्हणाले. सासू गेल्यापासून ते असेच मध्येच, कुणाला उद्देशून नाही असं बोलत.

आसपासच्या गावांत आबांना उस्ताद म्हणत. कुणाच्या अंगणात माणसं जेवायला बोलावली, मांस निखाऱ्यावर भाजायचं ठरलं, की सांगावा इकडे यायचा. कारण भाजणारे पुष्कळ होते, पण नाक उस्तादाचं. जाळीवर चढवायच्या आधी ते प्रत्येक परातीवर वाकत, डोळे मिटत, छाती भरून वास घेत. माणसं गप्प होऊन बघत राहत. मग "हां" म्हणाले की टाळ्या पडायच्या. पूर्वी एका घरी त्यांनी भरल्या मांडवात अख्खा बकरा परत पाठवला होता. ती गोष्ट लोक अजून मीठमसाला लावून सांगत.

पण आबांना वास येत नव्हता. गेल्या थंडीत पंधरा दिवस ताप आला, तो उतरला आणि जाताना वास घेऊन गेला. हे फक्त तिला माहीत होतं. त्यांच्या खाटेखाली उंदीर मरून पडला होता, घरात पाऊल टाकवत नव्हतं, आणि आबा त्याच खाटेवर बसून चहात पाव बुडवून खात होते. ती दारातच थांबली. आबांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग खाटेखाली पाहिलं.

"पोराला सांगू नकोस," एवढंच म्हणाले.

तेव्हापासून ती त्यांचं नाक होती. दोघांनी खूण ठरवली. परातीतलं मांस ती आधी हुंगायची. चांगलं असेल तर परातीच्या मधोमध अर्धं लिंबू उपडं ठेवायचं. लिंबू नसेल ती परात आबा काही ना काही निमित्त काढून बाजूला सारायचे. वर्षभर हे बिनबोभाट चाललं होतं. वास घेताना आबा आता पूर्वीपेक्षा जास्त वेळ डोळे मिटत, आणि लोक म्हणत, म्हातारपणी काय नाक तयार झालंय.

"साहेबांचा फोन आला होता," तिचा नवरा सायकल भिंतीला लावत म्हणाला. "रविवारी दुपारी पंचवीस माणसं. त्यांचा मेहुणाही येणार."

"म्हणजे चाखून बघायला," आबा म्हणाले.

"मेहुण्याच्या ओळखीत शहरातला एकजण आहे, गॅसच्या शेगडीवाला. ना धूर, ना राख. साहेब म्हणाले, बघू, यंदा तुम्हीच करा, पुढचं नंतर ठरवू."

कुंपणापलीकडे साहेबांची फळबाग होती. त्यांच्या बोअरला पाणी होतं. कुंपणाच्या तारेखालून एक हिरवा पाईप इकडे आला होता आणि रोज सकाळी तासभर त्यातून पाणी यायचं. साहेबांनी कधी काही मागितलं नव्हतं त्याबद्दल. "उस्ताद आमच्या घरचाच माणूस," असं म्हणत. त्या एका तासावर दोन शेळ्या, चार माणसं आणि दाराजवळचं लिंबाचं झाड जगत होतं. घरचा माणूस असणं संपलं की पाईपही संपला, हे कुणी कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

"घास," आबा तिला म्हणाले. "तो कोपरा राहिला."

*

शनिवारी पहाटेच खाटीक कापलेला बकरा टाकून गेला. नवऱ्यानं ओंडका अंगणात ओढला, आबांनी सुरा परजला. मांड्या, बरगड्या, खांदा वेगळे झाले. आबांचा हात हाडाच्या सांध्यावर असा बरोबर पडायचा, की आवाजसुद्धा व्हायचा नाही.

ती लसूण सोलत होती. दोन किलो लसूण. नखांच्या कडा सोलवटून आल्या, त्यात मीठ गेलं की डोळ्यांत पाणी यायचं. आलं ठेचलं, मिरी भरडली, कांद्याचा रस काढून फडक्यातून पिळला. तेल घालून ते सगळं आबांनी कोपरापर्यंत हात घालून मांसाला चोळलं. तान्ह्या पोराला तेल लावावं तसं, हळू, सांध्या-सांध्यांत.

"मिठाचं कळतंय का?" तिनं हलक्या आवाजात विचारलं.

"मीठ जिभेला कळतं. जीभ आहे अजून."

तिनं परातीवर वाकून वास घेतला. गोडसर, ताज्या रक्ताचा, खाली लसणाचा. तिनं मान हलवली. आबांनी एखादं जडसं ओझं खाली ठेवावं तसा श्वास सोडला. पराती ओल्या गोणपाटाखाली, घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात गेल्या.

दुपारी पुन्हा फोन आला. दहा माणसं वाढली होती. "काळजी नको," साहेब म्हणाले. "मी आज शहरात आहे. इथून कोंबडीच्या तंगड्या घेतो, उद्या येताना आणतो."

"आज घेऊन उद्या आणणार?" ती नवऱ्याला म्हणाली. "मध्ये ठेवणार कुठं?"

"त्यांच्याकडे फ्रीज नसेल का?"

"हॉटेलात उतरलेत ना ते?"

"अगं, बर्फाच्या पेटीत ठेवतील. तू पण ना."

तू पण ना. हे तिनं लग्नापासून किती वेळा ऐकलं होतं. ती पाणी दोनदा उकळायची. चिमीच्या दुधाला हुंगल्याशिवाय द्यायची नाही. कॉलेजात तिला जीवशास्त्र होतं, सूक्ष्मदर्शकाखाली एका थेंबात काय काय वळवळतं ते तिनं बघितलं होतं आणि ते विसरणं तिला जमलं नव्हतं. "झालं हिचं कॉलेज सुरू," नवरा म्हणायचा आणि हसायचा. हसण्यात वाईट काही नसायचं. पण भीतीचं इतकं हसं झालं, की खरी भीती कोणती आणि उगाचची कोणती, हे तिलाच कधी कधी कळेनासं व्हायचं.

*

रविवारी साहेबांच्या मागच्या अंगणात विटांचे दोन लांब चर रचले, त्यावर जाळ्या टाकल्या. अकराच्या सुमारास कोळसा पेटला. नवरा पुठ्ठ्यानं वारा घालत होता आणि आबा हाताचा तळवा जाळीवर धरून मनात आकडे मोजत होते. सातच्या आत हात ओढावा लागला तर आग जास्त. आज पाचलाच ओढावा लागला.

"निखारे पसरव. घाई काय आहे?"

पाहुणे यायला लागले होते. खुर्च्या, पोरं, एक चेंडू, कोणाचा तरी मोठमोठ्यानं हसायचा आवाज. तेवढ्यात साहेबांची गाडी अंगणात शिरली.

"उस्ताद, माल!" त्यांनी डिकी उघडली. "वाटेत टायर बसला हो, दोन तास उन्हात. घामाघूम झालो."

नवऱ्यानं पेटी आणून टेबलामागे ठेवली आणि तो परत निखाऱ्यांकडे गेला. तिनं झाकण काढलं. बर्फ नव्हता. कोमट, गुलाबी पाणी होतं आणि त्यात तंगड्या तरंगत होत्या. तिनं एक उचलली. बोटांना बुळबुळीत लागली. धुतल्यावरही तो बुळबुळीतपणा बोटांना धरून राहिला. तिनं नाकाशी नेली.

आधी काहीच नाही. मग घशाच्या मागे, ओल्या फडक्याला कोंडून ठेवल्यावर येतो तसा, आणि त्याच्या खाली एक आंबट-गोडसर काहीतरी.

तिनं पुन्हा हुंगलं. दुसरी उचलली. तिसरी. हा वास आहे की मी आहे? तिनं उन्हात बाहेर जाऊन दोन श्वास घेतले, परत आली. वास होता.

नवऱ्याला बाजूला बोलावून तिनं सांगितलं.

"तुला कशाचा वास येत नाही सांग?" तो कपाळ पुसत म्हणाला. चेहरा आगीनं लाल झाला होता. "साहेबांनी स्वतः आणलंय. आता जाऊन सांगू, की साहेब, तुम्ही सडकं आणलंत? मेहुण्यासमोर?"

"मला नक्की येतोय."

"मसाला लाव जास्त. आणि आबांना बघू दे, त्यांचं नाक कशाला आहे मग?"

तिला क्षणभर वाटलं, आत्ता सांगून टाकावं. पण आबा दहा पावलांवर उभे होते आणि कोणीतरी त्यांना खुर्ची देत होतं, "उस्ताद, बसा की जरा," म्हणत.

तिनं तंगड्यांना मसाला लावला, कारण न लावता ठेवल्या असत्या तर कोणीतरी विचारलं असतं. चार पराती टेबलावर मांडल्या. तीन बकऱ्याच्या, प्रत्येकीवर मधोमध अर्धं लिंबू. चौथी तंगड्यांची, तिच्यावर काही नाही. ती तिनं सगळ्यात मागे, खांबाच्या आडोशाला सरकवली. एवढं पुरे होतं. वर्षभर एवढंच पुरत आलं होतं.

तेव्हा चिमी रडली. चेंडूमागे धावताना विटेवर आपटली होती, गुडघा फुटला होता. ती तिला उचलून नळाशी घेऊन गेली. साहेबांच्या नळाला पाणी कसं धो धो येत होतं. तिनं जखम धुतली, पुन्हा धुतली, खडा राहिला नाही ना ते उन्हात धरून पाहिलं. हुंदके थांबेपर्यंत कडेवर घेऊन फिरली. दहा मिनिटं झाली असतील, फार तर.

परत आली तर टेबलाचं रूपच पालटलं होतं. साहेबांच्या बायकोनं पांढरं कापड अंथरलं होतं. पराती एका रांगेत पुढे ओढल्या होत्या. आणि चौथ्या परातीवरही, मधोमध, अर्धं लिंबू होतं.

"ही एकटीच बोडकी होती," बाई हौसेनं म्हणाल्या. "आता कसं छान दिसतंय ना?"

आबा चौथ्या परातीवरून नुकतेच सरळ होत होते. डोळे अजून मिटलेले होते. भोवती वीस-पंचवीस माणसं जमली होती, मेहुणा पुढेच उभा होता, हात बांधून.

"हां," आबा म्हणाले. मग तेवढ्यावर न थांबता, मेहुण्याकडे बघून, "एक नंबर माल आहे. साहेबांची पारखच तशी."

टाळ्या पडल्या. साहेबांनी आबांच्या पाठीवर थाप मारली. तंगड्या जाळीवर चढल्या, चरबी निखाऱ्यावर पडून चरचरली.

*

ती पुठ्ठा घेण्याच्या निमित्तानं आबांच्या शेजारी गेली.

"आबा, चौथी वाईट आहे."

त्यांनी चिमट्यानं एक तंगडी उलटली. "लिंबू होतं."

"बाईंनी ठेवलं. शोभेला."

आबांचा हात जाळीच्या वर थांबला. मनगटावरचे केस आगीनं आखडत होते, तरी हात मागे आला नाही.

"किती वाईट?"

"वाईट."

"आग मारते सगळं," ते म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता.

"जंतू मरतात आबा. त्यांनी आधीच सोडलेलं विष मरत नाही. ते भाजून जात नाही."

आबांनी तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत तिच्या कॉलेजाला न हसलेला तो एकच माणूस होता.

"आता काय सांगू मी?" ते म्हणाले. "पाच मिनिटांपूर्वी हुंगून सांगितलं."

त्यांनी सगळ्या तंगड्या चिमट्यानं एकेक करून जाळीच्या टोकाला, जिथे निखारा विरळ होता तिथे सरकवल्या. बकऱ्याच्या सळया पुढे घेतल्या. बरगड्या झाल्या, मांडीचे तुकडे झाले. ती ताटं भरून नेत होती, पाव वाटत होती, आणि दर वेळी परत येताना जाळीच्या टोकाकडे बघत होती. आबा तंगड्यांना हात लावत नव्हते. करपू देत होते. काळ्या होऊ दे, एवढ्या काळ्या की कोणी तोंडात घालणार नाही. तिला त्यांचा बेत कळला आणि ती मनात म्हणाली, होऊ दे, लवकर होऊ दे.

"काय उस्ताद, तंगड्यांवर रुसलात का?" मेहुणा ताट घेऊन आला.

"आतून कच्च्या आहेत अजून."

"कच्च्या? कोळसा होतोय त्यांचा! म्हणून म्हणतो दाजी, गॅसवर कसं, कान पिळला की आच कमी."

"व्हायचंय अजून," आबा म्हणाले.

"बघू तरी." साहेब हसत पुढे आले. त्यांनी आबांच्या हातातून चिमटा काढून घेतला. ओढून नाही, अगदी हळू, म्हाताऱ्या माणसाच्या हातून ओझं घ्यावं तसा. एक तंगडी सुरीनं चिरली. आत पांढरंशुभ्र होतं. "झाल्यात की! उस्ताद, वय झालं तुमचं." सगळे हसले. नवराही हसला, आणि त्यानंच परात पुढे धरली.

ती परात घ्यायला धावली. हात लावला तर सगळं राखेत पालथं करता येईल, एवढंच डोक्यात होतं. आपला वेंधळेपणा, आपली चूक, खाऊ बोलणी. पण नवऱ्यानं परात उंच धरली. "बाजूला सर, भाजशील," तो म्हणाला, आणि परात माणसांच्या डोक्यांवरून पुढे गेली.

पाहुण्यांत एक आजी होत्या. त्यांनी एक घास घेतला आणि चघळताना थांबल्या. "जरा आंबूस लागतंय का गं?"

"लिंबू पिळलंय त्यावर," साहेबांची बायको म्हणाली.

"हो का? मग बरोबर." आजींनी दुसरा घास घेतला.

पिवळा फ्रॉक घातलेली एक मुलगी होती, चिमीएवढीच. तिची आई मांस बारीक बारीक तोडून, फुंकर मारून तिला भरवत होती. ती त्या दोघींसमोर जाऊन उभी राहिली. पाण्याचा जग हातात होता.

"तुमच्या सासऱ्यांच्या हाताला काय चव आहे हो," ती बाई म्हणाली.

"तिला… जास्त देऊ नका. तिखट आहे."

"ही खाते तिखट. हो ना गं?"

मुलीनं मान हलवली, तोंड तेलकट. तिनं जग टेबलावर ठेवला. आणखी एक वाक्य, फक्त एक. कुंपणापलीकडे हिरवा पाईप गुंडाळून ठेवलेला तिला इथून दिसत होता. तिनं मान वळवली आणि चिमी दिसली.

चिमी अंगणाच्या पलीकडच्या टोकाला पायरीवर बसली होती. गुडघ्यावर पट्टी. हातात तंगडी. कोणीतरी कौतुकानं दिली होती. चिमी ती दोन्ही हातांनी धरून, कुठून सुरुवात करावी याचा विचार करत, फिरवून फिरवून बघत होती.

मध्ये खुर्च्या, माणसं, ताटं. ती धावणार एवढ्यात तिला आबा दिसले.

मांस जाळीवर असताना आबा आगीपासून हलत नसत. सासू गेल्याचा निरोप आला तेव्हाही त्यांनी आधी सळया उतरवल्या होत्या, असं नवरा सांगायचा. ते आबा जाळीवर मांस जळत ठेवून अंगण ओलांडत होते. पायरीशी गेले. गुडघे धरत खाली बसले.

"आजोबाला नाही देणार?"

"नाही. माझं आहे."

"एक घास."

"एकच हं."

चिमीनं तंगडी पुढे केली. आबांनी ती हातासकट धरली, चावा घेतला, मग तंगडी हळूच सोडवून घेतली आणि खात राहिले. चिमी ओरडली, "एकच म्हटलं होतं!" आबा खात राहिले. हाडाला चिकटलेलं, कूर्चेजवळचं, सगळं. डोळे मिटून नाही, उघडे ठेवून, सुनेकडे बघत.

"अरे वा!" साहेब लांबूनच ओरडले. "उस्ताद स्वतः मारतायत ताव! नातीच्या हातातलं हिसकावून!" मोठा हशा पिकला. "बघा, करणाराच एवढं खातोय म्हणजे काय असेल ते!"

परातीत सात-आठ तंगड्या राहिल्या होत्या. दोन मिनिटांत त्याही संपल्या.

मेहुण्यानं बोटं चाटली. "नाही दाजी," तो म्हणाला, "ही चव गॅसला नाही यायची."

*

सोमवारी सकाळी ती घागर घेऊन कुंपणाशी गेली तेव्हा आबा भिंतीला टेकून बसले होते. रात्रभर उलट्या, जुलाब. तोंड राखेसारखं झालं होतं. मीठ-साखरेचं पाणी ती दर थोड्या वेळानं पाजत होती. नवऱ्याला काहीच कळत नव्हतं. "ऊन लागलं," तो म्हणत होता. "आगीपाशी उभं राहायचं वय आहे का हे?"

चिमी ठीक होती. तिनं पहाटेपासून चार वेळा तिचं पोट दाबून, कपाळाला हात लावून पाहिलं होतं.

पाईप फुसफुसला, थरथरला आणि पाणी आलं. तिनं डोळे मिटले.

"ताई," कुंपणापलीकडून बागेचा राखणदार म्हणाला. "उस्ताद बरे आहेत का?"

"का?"

"काल संध्याकाळी दोन गाड्या दवाखान्यात गेल्या. आजीबाई, आणि ती छोटी, पिवळ्या फ्रॉकची. छोटी डोळे उघडत नाही म्हणतात. डॉक्टर विचारतायत काय खाल्लं. बाईसाहेबांच्या बहिणीनं केक आणला होता क्रीमचा, त्याचंच असणार म्हणे. साहेब म्हणाले, उस्तादानं तर सगळ्यांसमोर खाल्लं होतं, तो कसा आहे बघ. तो ठणठणीत असला तर केकच."

घागर भरत होती. तिनं राखणदाराकडे पाहिलं. साधा, पन्नाशीचा माणूस, हातात पाना.

"कोंबडी," ती म्हणाली. "केक नाही. डॉक्टरांना सांगा, कोंबडी होती."

राखणदारानं इकडेतिकडे पाहिलं. "साहेबांनी स्वतः आणलेली ती. मी कुठल्या तोंडानं सांगू?" मग आवाज खाली आणून, "आणि ताई, तुम्हीही बोलू नका. पाणी चालू आहे ना?"

"फोन लाव," मागून आबा म्हणाले.

ते उठून आले होते. कुंपणाची तार धरून उभे होते, पायजमा मळलेला, पाय लटपटत. राखणदारानं फोन लावून तारेवरून पुढे केला.

"साहेब, उस्ताद बोलतोय. मी नाही ठणठणीत. रात्रभर ओकतोय… केक नाही, कोंबडी. डॉक्टरांना कोंबडीच सांगा, आत्ता सांगा… हो, मीच हुंगली." ते थांबले. "साहेब, मला वास येत नाही. वर्ष झालं."

अंगणातून नवरा आला होता. तो जागीच उभा राहिला. बापाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि आबांच्या नाकाबद्दल काल आपण तिला काय म्हणालो ते त्याला आठवत असावं.

फोनमधून साहेबांचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. फक्त शेवटचा प्रश्न तिला ऐकू आला, कारण तो मोठ्यानं विचारला होता. आधी कुणाला कळलं होतं का?

आबांनी तिच्याकडे पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "कुणालाच नाही. माझ्या एकट्याची चूक."

तिनं तोंड उघडलं. आबांनी तारेवरचा हात जरासा उचलला, आगीपासून पोराला मागे सारावं तसा. ती गप्प राहिली. पुढे कितीही वर्षं गेली तरी आपण इथे गप्प राहिलो होतो हे विसरता येणार नाही, हे तिला त्याच क्षणी कळलं.

फोन परत राखणदाराकडे गेला. "छोटीचं काय?" तिनं विचारलं. त्यानं हात वर करून थांबवलं. "हो साहेब," तो म्हणाला. खूप वेळ ऐकून पुन्हा म्हणाला, "हो साहेब." फोन खिशात टाकला. कोणाकडेच न बघता, पाना हातात घेऊन, पंपाच्या खोलीकडे चालू लागला.

"दादा, छोटीचं काय म्हणाले?"

तो वळला नाही.

पाण्याची धार करंगळीएवढी झाली, मग सुतळीएवढी, मग थेंब. घागर पाऊणच भरली होती.

"आई, पाणी संपलं," चिमी म्हणाली.

तिनं पाईपचं दूरचं टोक, तारेखालचं, हातात घेतलं आणि वर उचललं. मग त्याच्या पुढचा हातभर. मग त्याच्या पुढचा. पाईपमध्ये अडकून राहिलेलं पाणी असं पुढे ढकलत घागरीपर्यंत आणायचं, हे ती रोजच करायची. आज ती फार सावकाश करत होती. पाईपच्या तोंडाशी थोडं पाणी जमलं, लोंबलं आणि घागरीत पडलं.